अंत्यटिपा संदर्भसूचीच्या आधी कशा आणायच्या? (वर्ड आणि लिबरऑफिस)

शोधयात्री

नमस्कार मंडळी,

मी इतिहासात पीएचडी करतेय. विषय आहे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांआधीचा पुणे जिल्ह्यातला शेतसारा. साधनं बरीचशी दफ्तरातली: पुण्याच्या पुरालेखागारातले पेशवे दफ्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), मुंबईच्या पुरालेखागारातले महसूल खात्याचे खंड. असे संदर्भ कंसात "आडनाव, वर्ष" लिहून भागत नाहीत. एकेका टिपेत रुमाल क्रमांक, तारीख, कुणी कुणाला लिहिलेलं पत्र, एवढं सगळं येतं. म्हणून अंत्यटिपा, म्हणजे लेखाच्या शेवटी एकत्र येणाऱ्या टिपा.

एका नियतकालिकाकडे लेख पाठवला होता. तो मजकुरासाठी नाही, मांडणीसाठी परत आला. त्यांचं म्हणणं असं:

- लेख संपला की आधी टिपा, त्यानंतर संदर्भसूची.
- टिपांना रोमन आकडे नकोत.
- टिपांचा मजकूर एकसारख्या आकारात हवा.

वर्ड मात्र टिपा पार शेवटी, संदर्भसूचीच्याही खाली नेऊन टाकतं. शिवाय टिपांमधली इंग्रजी अक्षरं १० च्या आकारात येतात आणि मराठी अक्षरं मोठीच राहतात. सगळं निवडून पुन्हा १० केलं तरी फरक नाही.

प्रबंधासाठी मार्गदर्शकांनी वेगळं सांगितलंय: प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी टिपा आणि दर प्रकरणात क्रमांक १ पासून. लेखाची सहलेखिका लिबरऑफिसवर काम करते, तेही लक्षात घ्यावं लागेल. कुणी नीट सांगेल का?

पिंपळपान

सोपं आहे की. टिपा कॉपी करा, संदर्भसूचीच्या वर साधा मजकूर म्हणून चिकटवा, मूळच्या काढून टाका. मजकुरातले आकडे हाताने टाइप करून वर चढवा. मी एमफिलला तेच केलं होतं.

अक्षरजुळणी

पिंपळपान, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. पुण्यात प्रबंधांची जुळणी करून देणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या फायलींपैकी सगळ्यात जास्त वेळ खाणारी फाईल हीच, हाताने आकडे टाकलेली. परीक्षक म्हणतात, "दुसऱ्या परिच्छेदाला आधार द्या." एक टीप वाढते. मग तिच्या पुढचा प्रत्येक आकडा मजकुरात बदलायचा आणि खाली यादीतही बदलायचा. त्यात एखादा सुटला की तिथून पुढे सगळे संदर्भ भलत्याच कागदपत्राकडे बोट दाखवतात. दफ्तराच्या कामात हे फार वाईट. वाचणारा रुमाल मागवतो आणि त्यात ते पत्रच नसतं.

टिपा जिवंत ठेवूनच त्या हव्या तिथे नेता येतात. शोधयात्री ताई, वर्डमध्ये असं करा.

संदर्भसूचीच्या मथळ्याच्या अगदी आधी कर्सर ठेवा. 'लेआउट' टॅबमध्ये 'ब्रेक्स' उघडा आणि 'सेक्शन ब्रेक'मधला 'कंटिन्युअस' निवडा. आता लेख हा एक सेक्शन झाला आणि संदर्भसूची हा दुसरा. मग 'रेफरन्सेस' टॅबमध्ये 'फूटनोट्स' गटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा. जी चौकट उघडेल तिच्यात 'एन्डनोट्स' निवडा आणि त्यापुढे 'एन्ड ऑफ डॉक्युमेंट'च्या जागी 'एन्ड ऑफ सेक्शन' करा. तिथेच 'नंबर फॉरमॅट' आहे. तिथे रोमन आकडे आधीपासून निवडलेले असतात, म्हणूनच तुम्हाला ते आले. ते बदला. खाली 'अप्लाय चेंजेस टू' आहे, तिथे 'होल डॉक्युमेंट' ठेवा आणि 'अप्लाय' म्हणा. 'इन्सर्ट' दाबू नका, नाहीतर एक कोरी टीप तयार होते.

टिपा लगेच संदर्भसूचीच्या वर येऊन बसतील. "टिपा" हा मथळा पहिल्या सेक्शनचा शेवटचा परिच्छेद म्हणून, ब्रेकच्या आधी टाइप करा. सेक्शनमधला सगळा मजकूर संपल्यावरच वर्ड टिपा ठेवतं, त्यामुळे मथळा आपोआप टिपांच्या डोक्यावर येतो.

टिपांच्या वर एक आडवी रेघ दिसेल. ती साध्या पानावर निवडली जात नाही. 'व्ह्यू'मधून 'ड्राफ्ट' करा, 'रेफरन्सेस'मधलं 'शो नोट्स' दाबा, खाली जो भाग उघडतो त्याच्या यादीतून 'एन्डनोट सेपरेटर' निवडा आणि तिथे रेघ पुसा. टिपा पुढच्या पानावर गेल्या तर वेगळी लांब रेघ येते. ती त्याच यादीतल्या 'कंटिन्युएशन सेपरेटर'मधून जाते.

माळढोक

अक्षरजुळणी, +१. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा कुठलाही लेख काढून पाहा, शेवटी आधी नोट्स आणि मग रेफरन्सेस. समाजशास्त्रं आणि इतिहासात ही मांडणी इतकी रुळलेली आहे की सेक्शन ब्रेकची ही पद्धत एकदा शिकून घेतली की कायम उपयोगी पडते.

वेलांटी

मराठी अक्षरं मोठी राहतात त्याचं कारण सांगते, कारण यावर फार लोक अडतात.

वर्ड प्रत्येक अक्षराला दोन आकार आणि दोन फॉन्ट लावून ठेवतं, एक रोमन लिपीसाठी आणि एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी. देवनागरी दुसऱ्या गटात येते. मजकूर निवडून वरच्या पट्टीतून १० केलं की तो आकार कुठल्या गटाला लागेल हे कर्सर, कळफलक आणि निवडलेला मजकूर यांवर ठरतं. म्हणून एकाच टिपेत "डेक्कन रायट्स कमिशन"चं इंग्रजी नाव बारीक आणि पुढचं मराठी ढळढळीत मोठं असं दिसतं.

टिपा एकेक करून दुरुस्त करू नका. 'स्टाइल्स'च्या यादीत 'एन्डनोट टेक्स्ट' शोधा, त्यावर उजवी टिचकी, 'मॉडिफाय', मग खाली 'फॉरमॅट', 'फॉन्ट'. तिथे दोन ओळी दिसतील, 'लॅटिन टेक्स्ट' आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'. दोन्हींत फॉन्ट आणि आकार भरा. ('कॉम्प्लेक्स' ओळ दिसतच नसेल तर ऑफिसच्या भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा.) आकडा दोन्हीकडे सारखाच ठेवला पाहिजे असं नाही. कोकिळा हा फॉन्ट मुळातच बारीक दिसतो, त्यामुळे टाइम्स १० च्या शेजारी कोकिळा १३ किंवा १४ लागतो. मंगल उलट मोठा दिसतो. छापून बघा आणि ठरवा, पडद्यावर अंदाज चुकतो. मला स्वतःला टिपांसाठी 'टिरो देवनागरी मराठी' आवडतो. गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे, जोडाक्षरं लहान आकारातही मोकळी राहतात आणि ल, श मराठी वळणाचे आहेत.

स्टाइल बदलूनही एखादी टीप हट्टाने मोठीच राहिली, तर तिच्यावर आधी हाताने आकार लावलेला आहे. ती टीप निवडा, कंट्रोल आणि स्पेसबार दाबा. हाताने लावलेलं सगळं निघून स्टाइल लागू होते. पण एक सांभाळा: टिपेच्या सुरुवातीचा आकडा निवडीत घेऊ नका, आणि पुस्तकांची तिरपी नावं असतील तर तीही सरळ होतील, ती पुन्हा तिरपी करावी लागतील.

शोधयात्री

वेलांटी ताई, झालं! सगळ्या टिपा एका आकारात आल्या. आणि टिपा संदर्भसूचीच्या वरही आल्या. अक्षरजुळणी दादा, खूप आभार.

आकडे १, २, ३ असे देवनागरीत कसे आणायचे? 'नंबर फॉरमॅट'मध्ये मला फक्त इंग्रजी दिसतात.

वेलांटी

त्याच यादीत खाली देवनागरी आकडे येतात, पण वर्डमध्ये हिंदी ही भाषा जोडलेली असली तरच. 'फाईल', 'ऑप्शन्स', 'लँग्वेज' इथून हिंदी जोडा. यादीत एक, दो, तीन असे अक्षरी हिंदी आकडेही दिसतील, ते घेऊ नका.

आणखी एक, आकड्यांबद्दलच. तुमच्या लेखात सनावळी आणि रकमा भरपूर असणार. "सारा १८५४ मध्ये" यातल्या १८५४ ला चिकटून टिपेचा १२ चढवला तर बारीक छपाईत ते १८५४१२ वाचलं जातं. टिपेची खूण वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामानंतर ठेवा. वाक्याच्या मध्येच द्यावी लागली तर शब्दानंतर द्या, आकड्यानंतर नको. देवनागरी आकडे असतील तर हे जास्तच पाळायला हवं.

बखरकार

इतिहासाच्या टिपांबद्दल मला मांडणीपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते "तत्रैव".

आपल्याकडे प्रबंधांत तत्रैव (म्हणजे लगेच आधीच्या टिपेतलंच साधन) आणि उ. नि. (म्हणजे आधी कुठेतरी दिलेलंच साधन) यांची रेलचेल असते. कागदावर लिहायच्या काळात ते योग्य होतं, लेखणीचे श्रम वाचायचे. वर्डमध्ये टिपा आपोआप सरकतात, पण त्यांच्यातले शब्द सरकत नाहीत. समजा टीप १४ मध्ये पुण्याच्या दफ्तरातला एक रुमाल आहे आणि १५ मध्ये "तत्रैव". आठ दिवसांनी तुम्ही दोन्हींच्या मधल्या वाक्याला दंग्यांच्या चौकशी आयोगाच्या अहवालाची टीप जोडलीत. अहवाल झाला १५ आणि तत्रैव झाला १६. आता तो तत्रैव अहवालाकडे बोट दाखवतोय. आकडे सगळे बरोबर, क्रम बरोबर, आणि पुरावा चुकीचा. शुद्धलेखन तपासनीस हे पकडणार नाही, मार्गदर्शकही पकडणार नाहीत, कारण पान व्यवस्थित दिसतं. परिच्छेद उचलून दुसऱ्या प्रकरणात नेला तर आणखी वाईट, तिथे तत्रैवच्या आधी तिसराच कुणीतरी बसलेला असतो.

म्हणून माझा आग्रह: लिहिताना तत्रैव वापरूच नका. पहिल्यांदा पूर्ण संदर्भ, नंतर दर वेळी आडनाव, पुस्तकाचं छोटं नाव, पृष्ठ. दफ्तराच्या साधनांना स्वतःचं संक्षिप्त रूप ठरवा, उदाहरणार्थ पुणे पुरालेखागारासाठी "पु. पु., रुमाल अमुक", आणि संक्षेपांची यादी सुरुवातीला द्या. शिकागो पद्धतीच्या नियमपुस्तिकेनेही २०१७ च्या १७ व्या आवृत्तीपासून इबिडपेक्षा (इंग्रजीतला तत्रैव) अशा छोट्या संदर्भालाच पसंती दिली आहे. विद्यापीठ तत्रैवच मागत असेल, तर सगळं लिहून संपल्यावर, सादर करण्याआधीच्या शेवटच्या वाचनात घाला.

माळढोक

बखरकार, मनापासून सहमत. माझ्या टेबलावर येणाऱ्या लेखांत दोन तत्रैव ओळीने आले की मी आता मूळ संदर्भ मागवूनच घेतो.

कळफलक

सहलेखिकेसाठी लिबरऑफिस रायटरचं सांगतो. तिथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, रायटर सगळ्या अंत्यटिपा शेवटी स्वतंत्र पानावर काढतं. त्या पानाला 'एन्डनोट' नावाची वेगळी पानाची स्टाइल असते. त्यामुळे समास बदलले तर तिथेही बदलावे लागतात. रोमन आकडे तिथेही आधीपासून असतात. 'टूल्स' मेनूमध्ये फूटनोट आणि एन्डनोटच्या सेटिंगमधून ते बदला.

दुसरी, संदर्भसूचीच्या आधी टिपा आणायच्या तर रायटरमध्ये ब्रेक नाही चालत. संदर्भसूची सोडून सगळा लेख निवडायचा, 'इन्सर्ट'मधून 'सेक्शन' घ्यायचा, त्याच्या 'फूटनोट्स / एन्डनोट्स' टॅबमध्ये एन्डनोट्सखालच्या 'कलेक्ट अॅट एन्ड ऑफ सेक्शन'वर खूण करायची. प्रकरणवार क्रमांक हवे असतील तर त्याखालीच 'रीस्टार्ट नंबरिंग' आहे.

पण दोघींनी एकच फाईल आलटून पालटून वापरायची असेल तर एक विनंती. वर्डचा सेक्शन आणि रायटरचा सेक्शन या रचनेने वेगळ्या वस्तू आहेत. तेव्हा लेखन चालू असताना टिपा शेवटी राहू द्या, दोघींनी फक्त मजकूर आणि टिपा लिहा. मांडणी शेवटी एकीने, एकाच प्रोग्रॅममध्ये करा, आणि नियतकालिकाला फाईलबरोबर पीडीएफही द्या, म्हणजे तुम्हाला काय अभिप्रेत होतं ते त्यांना दिसेल.

मधेच गूगल डॉक्समध्ये टिपा घालू नका. तिथे 'इन्सर्ट'मध्ये तळटीपच मिळते.

संदर्भ सांभाळणारा झोटेरो हा प्रोग्रॅम वापरत असाल तर फाईल दुसऱ्या प्रोग्रॅमकडे देण्याआधी झोटेरोच्या 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये 'स्विच टू अ डिफरंट वर्ड प्रोसेसर' करा. ते न करता फाईल तशीच पाठवली तर झोटेरोशी असलेला संदर्भांचा दुवा तुटतो. त्याच चौकटीत टिपा तळटिपा असाव्यात की अंत्यटिपा हेही निवडता येतं, त्यामुळे उद्या दुसऱ्या नियतकालिकाने तळटिपा मागितल्या तरी घाबरायचं कारण नाही.

अक्षरजुळणी

आता प्रबंधाचं.

प्रकरणाच्या शेवटी टिपा हा मार्गदर्शकांचा सल्ला मला पटतो. शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) प्रबंध चढवताना प्रकरणांच्या पीडीएफ वेगवेगळ्या द्याव्या लागतात. सगळ्या टिपा ग्रंथाच्या शेवटी असतील तर तिसरं प्रकरण उतरवून घेणाऱ्याला त्याच्या टिपाच मिळत नाहीत.

पद्धत तीच. प्रत्येक प्रकरणानंतर 'नेक्स्ट पेज' सेक्शन ब्रेक, 'एन्ड ऑफ सेक्शन', आणि 'नंबरिंग'मध्ये 'रीस्टार्ट ईच सेक्शन'.

अडचण येते आडव्या पानाची. शेतसाऱ्याचे तक्ते रुंद असतात, म्हणून लोक मध्येच एक पान आडवं करतात. त्याला दोन्ही बाजूंना सेक्शन ब्रेक लागतात, म्हणजे एका प्रकरणाचे तीन सेक्शन होतात. मग वर्ड तक्त्याच्या आधीच निम्म्या टिपा छापून मोकळं होतं आणि तक्त्यानंतर पुन्हा १ पासून सुरू करतं. याला उपाय असा: प्रकरणाच्या पहिल्या भागात कर्सर ठेवा, 'लेआउट'मधल्या 'पेज सेटअप'ची चौकट उघडा, तिच्या 'लेआउट' टॅबवर 'सप्रेस एन्डनोट्स'ला खूण करा. आडव्या पानालाही तसंच करा. तिसऱ्या भागाला करू नका. दडपलेल्या टिपा पुढे ढकलल्या जातात आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी एकत्र येतात. क्रमांकांसाठी, आडव्या पानावर आणि तिसऱ्या भागात टिपांच्या चौकटीत 'नंबरिंग' हे 'कंटिन्युअस' करा आणि या वेळी 'अप्लाय चेंजेस टू'मध्ये 'धिस सेक्शन' ठेवा. 'सप्रेस'ची खूण फिकट दिसून दाबली जात नसेल तर 'एन्ड ऑफ सेक्शन' लागलेलं नाही असं समजा.

तक्ता परिशिष्टात नेता आला तर हे काहीच करावं लागत नाही. मी आधी तेच सुचवतो.

हिरवीगार

माझी जुनी दोन प्रकरणं श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केलेली आहेत. युनिकोडमध्ये आणली तर मजकूर आला, टिपा मात्र अजून गिचमिड दिसतात. असं का?

कळफलक

कारण वर्डच्या फायलीत टिपा मजकुरात नसतातच. डॉकएक्स फाईल हे मुळात झिपचं गाठोडं आहे. त्यात मुख्य मजकुराची एक फाईल आणि अंत्यटिपांची दुसरी. परिवर्तकाने फक्त पहिली वाचली असणार. प्रत्येक टिपेचा मजकूर वेगळा घेऊन रूपांतरित करून परत चिकटवा. सुरुवातीच्या आकड्याला हात लावू नका, त्याच्यानंतरचाच मजकूर बदला, म्हणजे मजकुरातल्या खुणेशी असलेला दुवा तुटणार नाही. आणि पूर्ण प्रकरण 'साधा मजकूर' म्हणून अजिबात चिकटवू नका, सगळ्या टिपांवर पाणी सोडावं लागेल.

शोधयात्री

एक शेवटची शंका. एकाच रुमालाचा आधार मी दोन ठिकाणी देतेय. नियतकालिकाला दुसऱ्या ठिकाणीही तोच टीपक्रमांक हवाय, नवी टीप नको. हाताने "७" लिहिलं तर पुन्हा तीच भानगड होईल ना?

आणि कळफलक, सहलेखिकेला तुमचा प्रतिसाद पाठवला. तिने टिपा शेवटी ठेवायला लगेच होकार दिला.

अक्षरजुळणी

हाताने नको. 'रेफरन्सेस'मध्ये 'क्रॉस-रेफरन्स' घ्या, प्रकार 'एन्डनोट' निवडा, आणि शेजारच्या 'इन्सर्ट रेफरन्स टू' यादीत 'एन्डनोट नंबर' ऐवजी 'एन्डनोट नंबर (फॉरमॅटेड)' घ्या, म्हणजे आकडा आपोआप वर चढलेला येतो. मधे टीप वाढली की हा आकडा लगेच बदलत नाही. सगळं निवडून एफ ९ दाबलं की बदलतो. टिपांच्या आतही असा क्रॉस-रेफरन्स असेल ("पाहा टीप ७") तर एकदा टिपेत कर्सर ठेवून तिथलं सगळं निवडा आणि पुन्हा एफ ९ दाबा. मजकुरातून दाबलेलं तिथपर्यंत पोचत नाही.

टीप काढायची झाली तर मजकुरातली खूण पुसा, खालची टीप आपोआप जाते. उलट केलं, म्हणजे फक्त खालचा मजकूर पुसला, तर कोरा क्रमांक उरतो.

माळढोक

पाठवण्याआधी टिपा एकदा वेगळ्या वाचा, शोधयात्री. लेखकाचं नाव झाकून परीक्षण करणारी नियतकालिकं पहिलं पान नीट तपासतात, पण टिपांमध्ये "माझ्या आधीच्या लेखात मी दाखवल्याप्रमाणे" किंवा "मार्गदर्शकांचे आभार" असं राहून जातं आणि परीक्षकाला लेखक कोण ते कळतं. आभाराची टीप हवीच असेल तर ती टिपांच्या चौकटीतल्या 'कस्टम मार्क'मधून फुलीने द्या. ती क्रमांकात धरली जात नाही, त्यामुळे परीक्षणाच्या प्रतीतून काढली तरी बाकीचे आकडे जागच्या जागी राहतात. लेख स्वीकारल्याचं कळलं की परत घाला.